हेन्री विर्झ आणि अँडरसनव्हिलचा कोंडवाडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल मराठीत बोलायला बसलं की लिंकन, गुलामगिरी आणि गेटिसबर्ग एवढ्यावर गाडी थांबते. विर्झचं नाव निघालं तर दोनच प्रतिक्रिया येतात. कुणी म्हणतं, तेरा हजार माणसं मारणारा तो राक्षस. कुणी म्हणतं, बिचाऱ्याला उगाच लटकवलं. दोन्ही बाजूंचे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

हा विर्झ कोण, ते थोडक्यात सांगाल का?

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला आणि यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरसीच्या, फौजेत कॅप्टन असलेला माणूस. १८६४ च्या वसंतापासून युद्ध संपेपर्यंत जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल इथल्या युद्धकैद्यांच्या तुरुंगाचा आतला कारभार त्याच्याकडे होता. या तुरुंगाचं सरकारी नाव कॅम्प समटर. तो जेमतेम चौदा महिने चालला. तेवढ्यात उत्तरेचे सुमारे ४५,००० सैनिक तिथे येऊन गेले आणि त्यातले जवळजवळ १३,००० तिथेच मेले. युद्ध संपल्यावर विर्झवर लष्करी आयोगापुढे खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला वॉशिंग्टनमध्ये फाशी झाली.

नावाचा उच्चार विर्झ की विर्त्स?

जर्मन वळणाने विर्त्स. अमेरिकन लोक वर्झच्या जवळपास काहीतरी म्हणतात. मराठीत विर्झ रुळलंय, तेच वापरतो.

स्विस माणूस अमेरिकेच्या भाऊबंदकीत शिरला कसा?

नाइलाजाने शिरला, असंच म्हणावं लागेल. हाइनरिश हार्टमान विर्झ २५ नोव्हेंबर १८२३ रोजी झुरिचमध्ये जन्मला. वडील शिंपी. पोराला डॉक्टर व्हायचं होतं, पण घरची ऐपत नव्हती, म्हणून तो व्यापारात पडला. लग्न झालं, दोन मुलं झाली. मग पैशांच्या भानगडीत सापडून त्याला शिक्षा झाली आणि गाव सोडावं लागलं. आधी रशिया आणि १८४९ मध्ये अमेरिका. बायको-मुलं मागेच राहिली आणि पुढे घटस्फोट झाला.

अमेरिकेत सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावी कारखान्यात मजुरी केली. तिथून केंटकीत जाऊन एका डॉक्टरच्या हाताखाली लागला. १८५४ मध्ये एलिझाबेथ वुल्फ या विधवेशी लग्न केलं. तिला आधीच्या दोन मुली होत्या, पुढे दोघांना कोरा नावाची मुलगी झाली. मग बिऱ्हाड लुइझियानात हललं आणि विर्झ एका मोठ्या मळ्यावर कामाला लागला. मळा म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणारा कापसाचा मळा. तिथल्या गुलामांना औषधपाणी करणं हा त्याच्या कामाचा भाग होता. १८६१ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तो लुइझियानाच्या पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाला. आसपासचे सगळे जिकडे गेले तिकडे हाही गेला. तत्त्वासाठी वगैरे लढायला गेला असं दाखवणारं त्याच्या आयुष्यात मला तरी काही दिसत नाही.

मग तो डॉक्टर होता की नव्हता?

पदवीचा नव्हता. हाताखाली राहून शिकलेला होता. त्या काळच्या अमेरिकेत असे डॉक्टर गल्लोगल्ली असत. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की आमांश कशाने होतो आणि कशाने बळावतो, हे या माणसाला कळत होतं. पुढे एका पत्राचा उल्लेख येईल, तिथे याची आठवण ठेवा.

त्याचा एक हात निकामी होता म्हणतात, ते खरं का?

उजव्या हाताची जखम खरी आणि ती शेवटपर्यंत चिघळत राहिली. १८६२ च्या सेव्हन पाइन्सच्या लढाईत ती झाली असं तो सांगायचा, पण त्या लढाईत तो होता की नाही यावरच इतिहासकारांचं एकमत नाही. हा हात खटल्यातही आला. ज्याला हात धड उचलता येत नाही तो कैद्यांना मारझोड कशी करेल, असा बचावपक्षाचा मुद्दा होता, आणि त्यासाठी डॉक्टरांकडून त्याची तपासणीही झाली.

जखमेनंतर तो जनरल जॉन विंडर यांच्या हाताखाली आला. दक्षिणेच्या तुरुंगांचा कारभार विंडर पाहत होते. दक्षिणेची राजधानी रिचमंड आणि अलाबामातलं टस्कलूसा इथल्या कैदखान्यांचा अनुभव विर्झच्या गाठीशी होताच. मधल्या काळात तो युरोपला जाऊन आला आणि १८६४ च्या सुरुवातीला परतला. परत आल्यावर अँडरसनव्हिल पदरात पडलं.

अँडरसनव्हिल नेमकं होतं कसं? इमारत होती का?

इमारत नव्हती, आणि सगळी गोम तिथेच आहे. तुरुंग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येरवडा किंवा ठाण्याचा जेल येतो : दगडी भिंती, बराकी, कोठड्या. इथे फक्त कुंपण होतं. पाइनच्या झाडांचे ओंडके जमिनीत उभे गाडून पंधरा-सतरा फूट उंचीचा तट उभा केलेला, आणि आत मोकळं रान. हे ओंडके तोडून गाडण्याचं काम गुलामांकडून करून घेतलेलं होतं. छप्पर नाही, बराक नाही. कोंडवाडा हाच त्याला योग्य शब्द.

फेब्रुवारी १८६४ मध्ये पहिले कैदी आले तेव्हा तट पुरता उभाही नव्हता. जागा साडेसोळा एकर, हिशेब दहा हजार कैद्यांचा. जूनपर्यंत कैदी दुपटीहून जास्त झाले, म्हणून कुंपण वाढवून साडेसव्वीस एकर केलं. ऑगस्टमध्ये आत सुमारे ३३,००० माणसं होती. भागाकार करून बघा. माणशी पस्तीस चौरस फूट येतात, म्हणजे एका डबल बेडएवढी जागा. त्यातही मधून एक ओढा वाहायचा आणि त्याच्या दोन्ही काठांना दलदल होती, तिथे कुणाला बसताही येत नसे.

हा ओढाच पिण्याचं पाणी, हीच मोरी आणि हाच संडास. वरच्या अंगाला पहारेकऱ्यांची छावणी आणि भटारखाना. त्यांची घाण, तेल-तवंग, खरकटं आधी पाण्यात उतरायचं आणि मग पाणी कैद्यांकडे यायचं. कैद्यांनी घोंगड्या, कोट, फांद्या जोडून राहुट्या बांधल्या. ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्यांनी जमिनीत खड्डे उकरले. वर जॉर्जियाचं ऊन, नाहीतर पाऊस. ऑगस्टमधल्या एका मोठ्या वादळानंतर कुंपणाच्या आत स्वच्छ पाण्याचा झरा फुटला. कैद्यांनी त्याला ईश्वरी कृपेचा झरा असं नाव दिलं. तो आजही वाहतो. एकट्या ऑगस्टमध्ये सुमारे ३,००० माणसं मेली, म्हणजे दिवसाला शंभराच्या आसपास.

‘डेडलाइन’ हा शब्द इथूनच आला का?

आपण उठता-बसता जो शब्द वापरतो, त्याची जुनी ओळख हीच आहे. तटाच्या आत सुमारे एकोणीस फुटांवर खुंट्या ठोकून त्यांवर लाकडी पट्टी टाकलेली होती. ती ओलांडली, किंवा तिच्यापलीकडे नुसता हात घातला, तरी वर मचाणावर बसलेला पहारेकरी विचारपूस न करता गोळी घालायचा. ती मरणरेषा म्हणजे ‘डेडलाइन’. विर्झच्या खटल्याने हा शब्द अमेरिकाभर गाजला. छापखाने आणि वर्तमानपत्रांत मुदत या अर्थाने तो खूप नंतर आला. ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला जरा स्वच्छ असायचं, म्हणून लोक पट्टीजवळ वाकायचे आणि तिथेच गोळी खायचे.

एवढी माणसं मेली कशाने? दक्षिणेकडे अन्नच नव्हतं, म्हणून ना?

बहुतेक मृत्यू गोळीने झालेच नाहीत. हगवण, आमांश आणि स्कर्व्ही (ताज्या भाजी-फळांअभावी होणारा रोग) यांनी माणसं नेली. शिधा म्हणजे मक्याचं पीठ आणि थोडं खारवलेलं डुकराचं मांस, तेही कधी कच्चंच हातात टेकवलेलं. भाजीपाला जवळजवळ नाही. पीठ चाळलेलं नसायचं, कणसाचा बुरकुंडा आणि साल त्यातच दळलेली. आतडी आधीच सोललेल्या माणसाला ते काचेच्या चुऱ्यासारखं लागायचं.

दक्षिणेची उपासमार होती, रेल्वे मोडकळीला आली होती, नाकेबंदीमुळे औषधं येत नव्हती, हे सगळं खरं आहे. पण हा बचाव एका ठिकाणी अडतो. तिथे लाकडाचा दुष्काळ होता, असं कोण म्हणेल? पाइनच्या जंगलातच तो कोंडवाडा उभा होता. उत्तरादाखल सांगितलं जातं की कुऱ्हाडी नव्हत्या, खिळे नव्हते, फळ्या रेल्वेकडे जात होत्या, कैद्यांना बाहेर न्यायला पुरेसे पहारेकरी नव्हते. मान्य. तरीही तेहतीस हजार माणसांत सुतार, लोहार, लाकूडतोडे शेकड्यांनी होते, आणि ते आत उन्हात मरत होते.

कैद्यांची अदलाबदल व्हायची ना? ती का थांबली?

आधी व्हायची. जुलै १८६२ मध्ये दोन्ही बाजूंत करार झाला होता : इतक्या शिपायांच्या बदल्यात इतके, एका कॅप्टनच्या बदल्यात इतके, असा पक्का हिशेब. १८६३ मध्ये तो मोडला, आणि मोडण्याचं मोठं कारण म्हणजे उत्तरेच्या फौजेत भरती झालेले कृष्णवर्णीय सैनिक. दक्षिणेचं म्हणणं होतं की हे सैनिक नव्हेतच, पळालेली मालमत्ता आहे, यांना युद्धकैदी मानणार नाही. उत्तर म्हणाली, मानणार नसाल तर अदलाबदल बंद.

पुढे उत्तरेचे सरसेनापती जनरल ग्रँट यांनी दुसराही हिशेब मांडला. १८ ऑगस्ट १८६४ च्या पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं की तुरुंगातल्या आपल्या माणसांवर हे कठोर आहे, पण सोडलेला दक्षिणेचा प्रत्येक सैनिक पुन्हा बंदूक घेऊन समोर उभा राहतो. लष्करी दृष्टीने बरोबरच. पण तारीख पाहा. अँडरसनव्हिलमध्ये दिवसाला शंभर प्रेतं उचलली जात होती, तोच हा महिना. विर्झच्या बाजूने बोलणारे हे पत्र पुढे करतात. बदलीच्या टेबलावरून करार उठला कशामुळे, ते मात्र ते हळूच गाळतात.

विर्झच्या हातात नेमकं किती होतं?

हा खरा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

विर्झ अँडरसनव्हिलचा सर्वेसर्वा नव्हता. आधी कर्नल पर्सन्स तळाचे प्रमुख होते. जूनपासून जनरल विंडर स्वतः तिथे येऊन बसले. रसद, लाकूड, इमारती हे क्वार्टरमास्टरचं खातं, आणि तो होता रिचर्ड विंडर, जनरलचाच नातेवाईक. दवाखाना मुख्य सर्जन आयझाया व्हाइट यांच्याकडे. पहारा जॉर्जियाच्या राखीव दलाकडे, म्हणजे म्हातारे आणि मिसरूड न फुटलेली पोरं, आणि त्यांचे अधिकारी वेगळे. या सगळ्यांत विर्झ एक कॅप्टन. त्याच्याकडे कुंपणाच्या आतली शिस्त, हजेरी आणि शिधावाटप. पिठाचा दर्जा त्याच्या हातात नव्हता, फळ्या त्याच्या हातात नव्हत्या, येणाऱ्या गाड्या थांबवणं तर नव्हतंच.

सरकारी कचेरीत कधी खेटे घातले असतील तर ही रचना तुम्हाला नवी वाटणार नाही. प्रत्येकाच्या हातात एकेक शिक्का, आणि काम कुणाचंच नाही.

जून १८६४ मधलं त्याचं एक पत्र उपलब्ध आहे. कैद्यांना मिळणाऱ्या भाकरीत सहावा हिस्सा कोंडाच असतो, ती खाण्याच्या लायकीची नाही, तिने आमांश वाढतोय, असं त्याने वर कळवलं होतं. ओढ्याला बांध घालून संडासांची नीट सोय करण्याचा आराखडाही त्याने केला होता, तो सामानाअभावी अर्धवट राहिला. ऑगस्टमध्ये कर्नल चँडलर तपासणीला आले. त्यांनी रिचमंडला धाडलेला अहवाल जळजळीत होता. विंडर यांना काढून दुसरा, माणुसकी असलेला अधिकारी नेमा, असं त्यात सुचवलेलं होतं. विर्झबद्दल मात्र तक्रारीचा सूर नव्हता. आणि झालं काय? नोव्हेंबरमध्ये विंडर यांना बढती मिळून मिसिसिपीच्या पूर्वेकडचे सगळे तुरुंग त्यांच्या ताब्यात गेले.

म्हणजे तो भला माणूस होता म्हणायचं?

नाही. पत्रं चांगली लिहिली म्हणून माणूस भला ठरत नाही.

जे त्याच्या हातात होतं, तिथे तो कसा वागला ते पाहा. हजेरीत एक माणूस कमी भरला तर त्या नव्वदांच्या अख्ख्या तुकडीचा शिधा तो बंद करायचा. आधीच अर्धपोटी असलेल्या माणसांचा एक दिवस तोडणं म्हणजे काय, हे औषधपाणी जाणणाऱ्याला कळत नव्हतं? पळून जाणाऱ्यांमागे शिकारी कुत्री सोडली जायची. पकडून आणलेल्यांना उन्हात खोड्यात अडकवलं जायचं, किंवा साखळीने एकमेकांना बांधून लोखंडी गोळ्यांसकट चालवलं जायचं. तो पिस्तूल नाचवत, करड्या घोडीवर बसून, जर्मन हेलाच्या इंग्रजीत शिव्या देत फिरायचा. तापट होता, आजारी होता, हात ठणकत असायचा. ही कारणं झाली, सबबी नव्हेत.

एक प्रसंग सांगतो. चिकमॉगाच्या लढाईत पाय गमावलेला एक कैदी होता, त्याला सगळे ‘चिकमॉगा’ याच नावाने हाक मारत. हा आपल्या भुयाराची चुगली करतो, असा इतर कैद्यांना संशय आला आणि ते त्याच्या जिवावर उठले. तो कुबड्या टेकत मरणरेषेपलीकडे गेला आणि मला बाहेर काढा म्हणून विर्झला बोलवा, असं विनवू लागला. विर्झ आला, पिस्तूल काढून त्याला दटावून आत घालवलं. तो पुन्हा रेषेपलीकडे आला. पहारेकऱ्याने गोळी घातली. विर्झने हुकूम दिला होता की पहारेकऱ्याने नेहमीच्या नियमाने बार काढला, यावर साक्षी जुळत नाहीत. माझ्या दृष्टीने हा तपशील दुय्यम आहे. एक पाय नसलेला, भेदरलेला माणूस पुढ्यात उभा होता आणि त्याला फाटकाबाहेर घेण्यासाठी कोणाही विंडरची परवानगी लागत नव्हती.

दुसरी बाजूही लिहून ठेवतो, कारण तीही खरी आहे. ताशे वाजवणाऱ्या कोवळ्या पोरांना त्याने कुंपणाबाहेर कामाला ठेवलं, त्यातली बरीच त्यामुळे जगली. अदलाबदल पुन्हा सुरू करा, असा अर्ज घेऊन काही कैद्यांना वॉशिंग्टनला जाऊ दिलं. त्या अर्जाचा उपयोग झाला नाही.

कैद्यांनीच कैद्यांना फाशी दिली, ती काय भानगड?

आत एक लुटारूंची टोळी माजली होती. नव्या आलेल्यांची घोंगडी, घड्याळं, पैसे हिसकावायची, विरोध केला तर ठार मारायची. त्रासलेल्या कैद्यांनी दाद मागितली, तेव्हा विर्झ आणि विंडर यांनी त्यांना आपसांत खटला चालवायची मुभा दिली. कैद्यांतूनच पंच बसले, बाजू मांडणारे उभे राहिले, आणि ११ जुलै १८६४ रोजी सहा जणांना कुंपणातच फासावर चढवलं गेलं. ते सहा जण आजही दफनभूमीत इतरांपासून वेगळे पुरलेले आहेत. मेलेल्या सोबत्यांनीही शेजार नाकारला, तो आजतागायत.

त्याला पकडलं कसं?

तो पळालाच नव्हता. मे १८६५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा तो बायकोमुलींसह अँडरसनव्हिललाच होता. उत्तरेचे जनरल विल्सन यांना त्याने पत्र लिहिलं : मी वरिष्ठांच्या हातातलं हत्यार होतो, मला सुखरूप जाऊ द्या, कुटुंबासह युरोपला जायचं आहे. माणसाला आपल्याबद्दल बाहेर काय बोललं जातंय याची कल्पनाच नसावी, असं ते पत्र वाचताना वाटतं. उत्तरादाखल अटक झाली आणि त्याला वॉशिंग्टनच्या ओल्ड कॅपिटॉल तुरुंगात आणलं.

खटला न्याय्य होता का?

खटला २३ ऑगस्ट १८६५ रोजी सुरू झाला आणि दोन महिने चालला. लष्करी आयोगाचे अध्यक्ष जनरल ल्यू वॉलेस. लिंकन यांच्या खुनाच्या कटातल्या आरोपींचा खटला ऐकणाऱ्या आयोगातही ते होते, आणि पुढे कादंबरीकार म्हणून जगभर गाजले. सरकारी बाजू कर्नल नॉर्टन चिपमन यांच्याकडे. सुरुवातीचे वकील सोडून गेल्यावर लुई शेड आणि ओटिस बेकर यांनी बचाव लढवला. दीडशेच्या वर साक्षीदार झाले. विर्झ इतका आजारी होता की कोर्टात कोचावर आडवा पडून तो ते ऐकत असे.

आरोप दोन. एक, दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि इतर पुढाऱ्यांशी संगनमत करून कैद्यांना मुद्दाम मारण्याचा कट. दोन, खून, त्याची तेरा कलमं. पहिल्यात तो दोषी ठरला आणि दुसऱ्यातल्या बहुतेक कलमांतही.

आजचा कोणताही बरा वकील या खटल्याला दहा ठिकाणी भोकं पाडेल. खुनाच्या कलमांत मृताचं नावच नव्हतं, ‘नाव अज्ञात’ असं लिहून काम भागवलेलं. काही खून १८६४ च्या ऑगस्टमधले सांगितले गेले, तेव्हा विर्झ आजारपणाच्या रजेवर होता. कैद्यांच्या अदलाबदलीचं दक्षिणेकडचं काम पाहणारे रॉबर्ट ओल्ड यांना बचावपक्षाने साक्षीला बोलावलं, तर सरकारी बाजूने समन्सच रद्द केलं. आणि कटाचा आरोप तर शिस्तीतच बसत नाही. ज्यांच्याशी कट केला म्हणून विर्झला फाशी झाली, त्या डेव्हिस यांच्यावर या कटाचा खटला कधी उभाच राहिला नाही. ते दोन वर्षं कैदेत राहून जामिनावर सुटले आणि १८८९ पर्यंत जगले.

एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झालेला, हाडांचे सापळे होऊन परतलेल्या सैनिकांची छायाचित्रं घरोघर पोचलेली. लोकांना कुणीतरी हवं होतं. विंडर फेब्रुवारीतच मरून गेले होते.

मग हे चोर सोडून संन्याशाला फाशी असंच झालं ना?

ही म्हण प्रत्येक चर्चेत येतेच. अर्धी लागू पडते. चोर सुटले, यात शंका नाही, आणि ते एका बाजूचेही नव्हते. पण फासावर गेलेला संन्यासी नव्हता. तो हुकुमाचा ताबेदार होता, आणि हुकुमाच्या बाहेर जेवढी थोडी जागा त्याच्या वाट्याला होती ती त्याने बहुतेक वेळा खोडे आणि उपासमार यांनीच भरली. त्याला राक्षस केलं की रिचमंड आणि वॉशिंग्टन दोन्ही मोकळे. हुतात्मा केलं की गुलामगिरीसाठी लढणारी सबंध व्यवस्था मोकळी.

फाशी झालेला तो एकटाच होता का?

हे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं आणि चूक आहे. टेनेसीचा गनिमी टोळीवाला चँप फर्ग्युसन याला विर्झच्या आधी तीनच आठवडे, २० ऑक्टोबरला फाशी झाली. तुरुंगाचा अधिकारी म्हणून फासावर गेलेला मात्र विर्झच. दक्षिणेच्याच सॉल्झबरी तुरुंगाचे प्रमुख जॉन गी यांच्यावर १८६६ मध्ये खटला झाला, ते निर्दोष सुटले. अँडरसनव्हिलच्याच क्वार्टरमास्टर खात्यातल्या जेम्स डंकनला पंधरा वर्षांची सजा झाली, तो वर्षभरात तुरुंगातून पळाला.

डेव्हिस यांचं नाव घे, सोडतो, असं त्याला खरंच सांगितलं होतं का?

तसं वकील शेड यांनी १८६७ मध्ये जाहीरपणे लिहिलं : फाशीच्या आदल्या रात्री निरोप आला आणि विर्झने नकार दिला. दक्षिणेत या गोष्टीवर त्याचं सगळं हौतात्म्य उभं आहे. तिला आधार आहे तो प्रामुख्याने त्याच्याच बाजूच्या माणसांच्या शब्दाचा.

शेवटचा दिवस कसा होता?

१० नोव्हेंबरची सकाळ, ओल्ड कॅपिटॉल तुरुंगाचं अंगण. प्रवेशाला पास, तटावर आणि आसपासच्या झाडांवर माणसं. रांगेत उभे असलेले सैनिक तालावर ओरडत होते, ‘विर्झ, अँडरसनव्हिल आठव!’ हुकूम वाचणाऱ्या मेजरला तो म्हणाला की हुकूम म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, ते पाळले म्हणूनच मला फाशी होतेय. निदान असं सांगितलं जातं. फळी पडली, पण मान मोडली नाही, तो गुदमरून मेला. अलेक्झांडर गार्डनर यांनी हे सगळं कॅमेऱ्यात टिपलं. ती छायाचित्रं आजही पाहता येतात, पोटात कालवण्याची तयारी असेल तर. त्या जागेवर आता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची इमारत आहे.

उत्तरेचे तुरुंग बरे होते का?

फार नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा छावणीत सुमारे १२,००० कैद्यांपैकी जवळपास ३,००० मेले, म्हणजे चारातला एक. अँडरसनव्हिलमध्ये हे प्रमाण दहात तीन. आणि एल्मायरा दुष्काळी मुलखात नव्हती, मागे भरलेली कोठारं होती. तिथल्या कुणालाही फाशी झाली नाही.

त्याचं स्मारक आहे म्हणे?

आहे. दक्षिणेच्या सैनिकांच्या वारस स्त्रियांच्या संघटनेने १९०९ मध्ये अँडरसनव्हिल गावात दगडी स्तंभ उभारला. उत्तरेच्या जुन्या सैनिकांनी थयथयाट केला, पण स्तंभ हलला नाही. त्यावर ग्रँट यांचं ते पत्रातलं वाक्यही कोरलंय. गावातून थोडं पुढे गेलं की राष्ट्रीय स्मारकस्थळ लागतं. कोंडवाड्याची जागा, दफनभूमी आणि १९९८ मध्ये उघडलेलं युद्धकैद्यांचं संग्रहालय. विर्झ स्वतः वॉशिंग्टनच्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत आहे.

या सगळ्याचा आपल्याकडे काही धागा लागतो का?

विर्झचा थेट लागत नाही, त्या युद्धाचा लागतो. दक्षिणेची बंदरं बंद पडली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठी मुंबईकडे वळल्या. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, बॅकबे भराव कंपनीच्या शेअरांवर शहर वेडं झालं. युद्ध संपताच तो फुगा फुटला. १८६५ च्या पावसाळ्यात विर्झ कोठडीत खटल्याची वाट पाहत होता आणि मुंबईत पेढ्यांवर पेढ्या बुडत होत्या.

मेलेल्यांची नावं कशी कळली?

डोरेन्स ॲटवॉटर नावाच्या पोरसवदा कैद्यामुळे. त्याला दवाखान्याच्या कचेरीत मृतांची नोंदवही लिहायला बसवलं होतं. दक्षिणेचं सरकार ही यादी पुढे देईलच याचा त्याला भरवसा वाटेना, म्हणून त्याने चोरून दुसरी प्रत केली आणि सुटताना कपड्यांत दडवून बाहेर आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात, युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या क्लारा बार्टन यांच्यासोबत तो परत अँडरसनव्हिलला गेला. यादीतला क्रमांक आणि थडग्यावरचा क्रमांक जुळवत त्यांनी लाकडी पाट्या रोवून घेतल्या. १७ ऑगस्टला तिथे झेंडा चढला, आणि सहा दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये विर्झचा खटला उभा राहिला, ज्यात खुनाच्या कलमांपुढे ‘नाव अज्ञात’ लिहिलं होतं. जवळजवळ तेरा हजार थडग्यांपैकी बिननावाची राहिली ती सुमारे ४६० फक्त.

ॲटवॉटरने ती यादी आपल्या जवळ ठेवून छापायचं ठरवलं, तेव्हा लष्कराने त्याला सरकारी कागद चोरल्याबद्दल कैदेत टाकलं.